गिटारचा अर्धा आवाज पेटीत

चांगले वाद्य कोणते, हा प्रश्न एका वादकाला विचारला तर उत्तर मिळते. तिघांना एकत्र बसवून विचारला तर संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही. गेल्या महिन्यात वाक्वा येथे माझ्या मामांच्या ओसरीवर अशीच एक संध्याकाळ गेली. त्या गप्पांतून जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

त्याचे निमित्त असे. माझा एक जुना विद्यार्थी आता नोकरीला लागला आहे आणि फावल्या वेळात चार मित्रांबरोबर गिटार वाजवतो. पहिल्या काही पगारांतून त्याने थोडे पैसे बाजूला ठेवले होते. उरलेल्या पैशांसाठी कर्ज काढून शंभर वॅटचा मोठा ॲम्प्लिफायर घ्यायचा त्याचा बेत होता. "सर, कोणता घेऊ?" असे विचारत तो माझ्या घरी आला. मी पडलो शाळामास्तर. पाढे विचारले असते तर सांगितले असते. पण पोराच्या पहिल्या कमाईचा प्रश्न होता, म्हणून त्याला घेऊन मी मामांकडे गेलो. मामांनी तरुणपणी बरीच वर्षे वाद्यवृंदात गिटार वाजवली आहे. योगायोगाने त्यांचे दोन जुने सोबतीही तेथे बसले होते. बोलणे अर्थातच सगळे क्रिओलमध्ये झाले, ते मी येथे मराठीत सांगत आहे.

आपल्याकडे पेटी म्हटले की हार्मोनियम डोळ्यांसमोर येते. मामा मात्र गिटारच्या ॲम्प्लिफायरला पेटी म्हणतात, आणि मुलाने प्रश्न विचारताच त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते हे : "बाळ, गिटारचा अर्धा आवाज पेटीत असतो."

हे वाक्य मला आधी अतिशयोक्तीचे वाटले. पण विचार केल्यावर पटले. साध्या गिटारला पोकळ लाकडी पोट असते, त्यात तारेचा आवाज घुमतो. विजेवरच्या भरीव गिटारला तसे पोट नसते. ती नुसती छेडली तर समोरच्या माणसालाही नीट ऐकू येत नाही. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तार हलली की त्या गुंडाळीत अगदी क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह मोठा करून स्पीकरचा कागदी पडदा हलवायचा, हे ॲम्प्लिफायरचे काम. म्हणजे गिटारचे पोट तेवढे वेगळे काढून जमिनीवर ठेवले आहे असे समजावे. तंबोऱ्याचा भोपळा बदलला तर आवाज बदलणारच. तसेच येथेही आहे.

मग तिघांनी आपापल्या आवडत्या पेटीची बाजू मांडायला सुरुवात केली.

पहिले सोबती पुष्कळ वर्षे एका हॉटेलात वाजवत होते. त्यांचा सगळा जीव अमेरिकेच्या फेंडर ट्विन रिव्हर्ब या पेटीवर. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. १९३८ साली त्यांनी दुरुस्तीचे दुकान काढले आणि १९४६ साली त्यांच्या नावाची कंपनी सुरू झाली. गंमत अशी की ज्यांच्या गिटारी आणि पेट्या जगभर गेल्या, त्या फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक दुकानात येत, तक्रारी सांगत आणि ते त्याप्रमाणे फेरफार करीत. ट्विन रिव्हर्ब ही पेटी १९६३ साली निघाली. तिची शक्ती सुमारे ८५ वॅट आणि स्पीकर बारा इंची दोन. आत लोखंडी स्प्रिंगा बसवलेल्या असतात. आवाज त्यांतून फिरून आला की रिकाम्या देवळात गायल्यासारखा घुमतो.

"तिचा आवाज कसा, तर नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा," ते सांगत होते. "कितीही मोठा करा, स्वर फाटत नाही. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. जेवणाऱ्या पाहुण्यांपुढे तासन् तास वाजवायचे असले की असाच आवाज हवा." मग हसून त्यांनी तोटाही सांगितला. पेटीचे वजन तीस किलोंच्या आसपास. शिवाय ती अमेरिकेतून आलेली, म्हणजे सुमारे १२० व्होल्टवर चालणारी. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा ट्रान्सफॉर्मर बरोबर न्यावा लागे. तो विसरून थेट भिंतीतल्या प्लगला जोडली तर असली पेटी क्षणात जळते.

मामांची पेटी इंग्लंडची, व्हॉक्स ए. सी. ३०. ती केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे जन्मली. टॉम जेनिंग्ज हे कारखानदार आणि डिक डेनी हे रचनाकार. डेनी स्वतः वाद्यवृंदात गिटार वाजवणारे होते. त्यांची पंधरा वॅटची पेटी १९५८ साली बाजारात आली. पण त्याच सुमारास इंग्लंडात तरुणांच्या गाण्याची लाट उसळली, सभागृहे मोठी झाली आणि श्रोत्यांच्या किंकाळ्यांत पंधरा वॅट पुरेनासे झाले. म्हणून तीस वॅटची पेटी निघाली. 'द शॅडोज' या वाद्यवृंदाचे हँक मार्विन यांनी ती गाजवली, मग बीटल्सनी घेतली. 'क्वीन'चे ब्रायन मे यांनी तर आपल्या वडिलांबरोबर घरीच बनवलेली गिटार आयुष्यभर याच पेटीला जोडली.

मामांनी १९७० नंतरच्या वर्षांत ही पेटी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून जुनीच विकत घेतली होती. "हळू वाजवले तर घंटेसारखी," ते म्हणाले, "आणि जोराने छेडले की आवाज जरा खरखरतो, गाणाऱ्याचा गळा भरून यावा तसा. बोटांत जेवढा जोर, तेवढी पेटी बोलते. काचेसारख्या पेटीत हे कुठून येणार?"

हा भरलेला गळा म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण सगळ्या वादाचे मूळ त्यात आहे. या जुन्या पेट्यांत व्हॉल्व्ह असतात. आपल्या आजोबांच्या रेडिओत दिव्यासारखे लाल होणारे जे काचेचे व्हॉल्व्ह असत, तेच. त्यांना तापायला थोडा वेळ द्यावा लागतो. सेगा वाजवणारा आधी जाळावर रावान तापवून घेतो, त्याची आठवण यावी. व्हॉल्व्हला झेपेल तोवर तो तारेचा स्वर जसाच्या तसा मोठा करतो. झेपेनासे झाले की ध्वनिलहरीचे शेंडे हळूहळू दबतात आणि मूळ स्वराबरोबर आणखी वरचे स्वर मिसळतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा दोष. पण तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की तार झणझणू लागते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमटतात. तो धागा काढला तर तंबोरा मुका वाटेल. गिटारवाल्यांनी व्हॉल्व्हच्या दोषात अशीच जवारी शोधून काढली.

त्यासाठी त्यांनी काय काय केले, ते ऐकण्यासारखे आहे. १९५१ साली अमेरिकेत मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित होत होते. वाटेत गिटारवाल्याची पेटी बिघडली होती. दुसरी आणण्याऐवजी स्पीकरमध्ये कागद कोंबून तशीच वाजवली आणि तो घोगरा आवाज तबकडीवर कायमचा उतरला. १९६४ साली लंडनच्या 'द किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर आपल्या छोट्या पेटीच्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला. त्या फाटक्या आवाजातले गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले.

"म्हणूनच मला मार्शल पाहिजे," आमचा विद्यार्थी मध्येच म्हणाला. त्याच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांप्रमाणे काळ्या पेट्यांची ती उंच भिंत त्याच्या मनात भरली होती.

तेव्हा तिघांनी मिळून त्याला मार्शलची कथा सांगितली. जिम मार्शल हे मुळात ढोल वाजवणारे आणि ढोल शिकवणारे गुरू. १९६० साली त्यांनी लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान काढले. ढोलवाल्यांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्रही येऊ लागले. अमेरिकेची फेंडर पेटी त्यांना आवडे, पण इंग्लंडात ती फार महाग पडे. तेव्हा दुकानातील दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रान आणि इतर साथीदार यांना घेऊन मार्शलनी १९६२ साली आपली पहिली पेटी तयार केली. नमुना घेतला तो फेंडरच्या 'बेसमन' पेटीचा, आणि सुटे भाग वापरले इंग्लंडात मिळणारे. व्हॉल्व्ह, स्पीकर आणि लाकडी खोके बदलल्यामुळे आवाजही बदलला. तो अधिक जाड आणि अधिक रागीट झाला. लिओ फेंडर यांनी ती मूळ पेटी मंद्र स्वरांच्या बेस गिटारसाठी काढली होती, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

पुढे १९६५ साली 'द हू'चे पीट टाउनशेंड यांनी याहून मोठा आवाज मागितला आणि मार्शलची शंभर वॅटची पेटी आली. आठ स्पीकरांचे एकच खोके इतके जड झाले की सामान वाहणारे कुरकुरू लागले. मग त्याचे दोन भाग करून एकावर एक ठेवण्यात आले. विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढची ती काळी भिंत अशी हमालांच्या पाठदुखीतून उभी राहिली.

"आणि त्यांना तेव्हा तेवढ्या शक्तीची गरजही होती," हॉटेलवाले म्हणाले. गोष्ट खरी आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सनी पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे गायन केले. व्हॉक्सच्या शंभर वॅटच्या पेट्या असूनही मुलींच्या किंकाळ्यांत त्यांना आपलेच वादन धड ऐकू येत नव्हते. त्या काळी गिटारचा आवाज सभागृहभर पोहोचवायचा तो मुख्यतः मागे ठेवलेल्या पेटीनेच. आता मोठ्या ठिकाणी पेटीपुढे मायक्रोफोन ठेवतात आणि सभागृहाची ध्वनियंत्रणा उरलेले काम करते. पेटी लहान असली तरी चालते.

इतका वेळ गप्प बसलेले तिसरे सोबती आता बोलले. ते हिशेबी गृहस्थ. त्यांची आवडती पेटी जपानची, रोलंड जाझ कोरस १२०. १९७५ साली ती निघाली आणि आजही बनते. तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत. साठ-साठ वॅटचे दोन ॲम्प्लिफायर आणि बारा इंची दोन स्पीकर एकाच खोक्यात. त्यातल्या एका बाजूचा स्वर किंचित हेलकावत ठेवतात, त्यामुळे दोन वादक एकत्र वाजवत असल्याचा भास होतो. "तुमचे व्हॉल्व्ह म्हणजे लाडावलेली पोरे," ते म्हणाले. "झिजतात, बदलावे लागतात. आपल्याकडे दमट हवा, समुद्राचा खारा वारा. माझी पेटी बटण दाबले की तयार. लग्न असो, हॉटेल असो, काल वाजली तशीच आज वाजणार." मामांनी लगेच उत्तर दिले, "तीच तर तिची खोड. काल वाजली तशीच आज वाजते!"

सगळे हसले. पण ऐकता ऐकता माझ्या मास्तरी डोक्यात एक गोष्ट आली. तिघेही आपापल्या पेटीचे गुण सांगत नव्हते, आपण कुठे वाजवले ते सांगत होते. हॉटेलवाल्यांना पाहुण्यांच्या जेवणात व्यत्यय न आणणारा स्वच्छ स्वर हवा होता. मामांना नाचणाऱ्यांच्या गर्दीत गिटारला बोलते करायचे होते. तिसऱ्यांना रोज नव्या गावी जाऊन भरवशाने काम करायचे होते. ज्याचे जसे काम, तशी त्याची आवड.

मी विद्यार्थ्याला विचारले, "तू वाजवतोस कुठे?" तो म्हणाला, "मित्राच्या गॅरेजमध्ये. कधी कधी वाढदिवसाला."

तेव्हा हिशेबी सोबत्यांनी वॅटचे गणित मांडले. शंभर वॅटची पेटी दहा वॅटच्या पेटीपेक्षा दहापट मोठी ऐकू येत नाही. कानाला ती साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणजे उलटपक्षी दहा वॅटही काही थोडे नव्हेत. शिवाय व्हॉल्व्हची ती जवारी पेटीला तिच्या शक्तीच्या शेवटापर्यंत नेल्यावरच निघते. शंभर वॅटची पेटी गॅरेजात तिथवर नेली तर शेजारी पोलीस बोलावतील. लहान पेटी मात्र लवकर घाम गाळू लागते. १९७० साली एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांनी 'लैला' या नावाच्या तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा स्टुडिओत फेंडरच्या 'चँप' या छोट्या पेट्या होत्या. शक्ती जेमतेम पाच वॅट, एकच स्पीकर, तोही आठ इंचांचा.

याहून नवलाची पेटी 'क्वीन'चे जॉन डीकन यांची. ते विद्युतशास्त्राचे पदवीधर. १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्यात त्यांना एक ट्रान्झिस्टरचे सर्किट सापडले. ते त्यांनी एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले. हीच पेटी ब्रायन मे यांनी ध्वनिमुद्रणात वापरली. गिटारची सनई-व्हायोलिनसारखी जी वृंदरचना लोक त्यांच्या तबकड्यांवर ऐकतात, तिच्यात या कचऱ्यातल्या पेटीचा मोठा वाटा आहे.

यानंतर मामा जे बोलले ते मी आधी कधी ऐकले नव्हते. त्यांनी आपल्या उजव्या कानाकडे बोट दाखवले. "या कानात रात्रंदिवस शिटी वाजते," ते म्हणाले. "पुढची अनेक वर्षे दुसऱ्यांच्या मोठमोठ्या पेट्यांपुढे उभा राहिलो. कार्यक्रम संपल्यावर कान गुंगत, सकाळपर्यंत ठीक होत. एका सकाळी ठीक झाले नाहीत."

म्हणून येथे थोडी मास्तरकी करतो, वाचकांनी क्षमा करावी. अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याची संशोधन संस्था असे सांगते की ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांहून अधिक ऐकू नये, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी करावी. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. बंद खोलीत ढोल आणि मोठी पेटी एकत्र वाजू लागली की तेथपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. कानाच्या आतले सूक्ष्म केस एकदा मेले की माणसाला ते पुन्हा येत नाहीत. शंभर वॅट मागणारे टाउनशेंडही आपल्या बिघडलेल्या कानांविषयी जाहीरपणे बोललेले आहेत. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात आणि पेटीच्या मानाने त्यांची किंमत काहीच नाही.

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने मामांना विचारले, "मामा, ती इंग्लंडची पेटी आहे का अजून? ऐकवाल?"

"नाही रे," मामा म्हणाले. "१९७५ च्या फेब्रुवारीत जेर्वेज वादळ आले. घराचे पत्रे उडाले. पेटी तेवढी चादरीत गुंडाळून खाटेखाली कोरडी राहिली होती. ती विकली आणि पत्रे आणले. तुझ्या सरांची आजी त्याच छपराखाली पुढे किती वर्षे राहिली."

पश्चात्ताप होतो का, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. पण विचारले ते वेगळेच. "मामा, आयुष्यात वापरलेल्या सगळ्या पेट्यांतली एकच परत मिळणार असेल, तर कोणती मागाल?"

ए. सी. ३० हेच उत्तर येणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. मामा म्हणाले, "माझ्या बापाचा रेडिओ."

मग कळले की मामांची पहिली पेटी ती होती. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची भोके असत. चौदा-पंधरा वर्षांच्या मामांनी त्यात गिटारची वायर खुपसली होती. (कोणी तसे करून पाहू नये. जुन्या रेडिओतली वीज जीवघेणी असते.) आवाज लहान, घोगरा. बातम्यांची वेळ झाली की आजोबा वायर उपटून टाकत. "पण त्या आवाजात माझी चूक मला ऐकू यायची," मामा म्हणाले. "पुढे पेट्या मोठ्या झाल्या आणि चुका त्यांच्या गडगडाटात लपू लागल्या."

लिओ फेंडर यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली ही कहाणी अशी फिरून आमच्या आजोबांच्या रेडिओपाशी येऊन थांबली.

त्या मुलाने कर्ज काढले नाही. साठवलेल्या पैशांतून त्याने पंधरा वॅटची एक जुनी व्हॉल्व्हची पेटी घेतली आणि उरलेल्या पैशांत चौघा मित्रांसाठी कानातले बोळे. गेल्या रविवारी तो ती पेटी घेऊन मामांच्या ओसरीवर आला. मामांनी व्हॉल्व्ह तापू दिले, आवाजाचे बटण थोडे मागे फिरवले, आणि डावा कान पेटीकडे करून म्हणाले, "हं, आता वाजव."